स्वादुपिंडाचा पुढे गेलेला कॅन्सर आणि नव्या औषधांच्या ट्रायल: सीमाभागातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर खानापूर तालुक्यातलं. थोरल्या दिरांना स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला तेव्हा 'ट्रायल' हा शब्द आम्ही पहिल्यांदा ऐकला, तो एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात. हातात इंग्रजी कागदांचा गठ्ठा, मागे रांग, आणि सही कुठं करायची ते दाखवणारं एक बोट. दीर जाऊन आता चार वर्षं होतील. तेव्हापासून पाहुण्यांतून, ओळखीतून माणसं येत असतात. निपाणीची, चिकोडीची, संकेश्वरची, इकडं बेळगावच्या शहापूर-वडगावची. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. मी डॉक्टर नाही, निवृत्त शिक्षिका आहे. इथलं वाचून औषध ठरवू नका. डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवा.

डॉक्टर म्हणाले, "पुढे गेलाय." म्हणजे नेमकं काय?

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून असतं. गाठ हाताला लागत नाही आणि सुरुवातीला दुखतही नाही. 'पुढे गेलाय' या एका शब्दात दोन वेगळ्या अवस्था येतात. पहिलीत गाठ जवळच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना वेढून बसलेली असते, त्यामुळे ऑपरेशन करून काढता येत नाही, पण बाहेर पसरलेली नसते. दुसरीत ती यकृतात, पोटाच्या पडद्यावर किंवा फुफ्फुसात पोचलेली असते. तिलाच चौथी स्टेज म्हणतात. या दोन्हींसाठी ट्रायल वेगवेगळ्या असतात, म्हणून पहिला प्रश्न हाच विचारा: आमचा कुठला?

२०२२ साली जगभरात या कॅन्सरचे सुमारे ५ लाख १० हजार नवे रुग्ण नोंदले गेले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार मृत्यू. हे दोन आकडे किती जवळ आहेत ते बघितलं की नव्या औषधांची एवढी घाई का चाललीय ते समजतं.

पण एवढा उशीर कसा झाला? आम्ही तर लगेच दाखवलं होतं.

स्वतःला बोल लावू नका. हा आजार बहुतेकांना उशिराच सापडतो. तरी आपल्या भागातली एक गोष्ट बोललीच पाहिजे. स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ असली की पित्ताची नळी दाबली जाते आणि कावीळ होते. कावीळ म्हटलं की आपण झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे जातो, पथ्य पाळतो, वाट बघतो. आम्हीही तेच केलं, पाच आठवडे. पोटात न दुखता आलेली कावीळ, अंगाला खाज, पांढरट शौच, वजन घटणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक लागलेली साखर, यांतलं काही असेल तर सोनोग्राफीवर न थांबता सीटी स्कॅन होऊ द्या. निपाणी पट्ट्यातल्या घरांसाठी आणखी एक: विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा कॅन्सर होण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या साधारण दुप्पट असतो.

ट्रायल म्हणजे आमच्या माणसावर प्रयोग करणार?

होय, तो प्रयोगच असतो, आणि शब्दाला घाबरून ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याचे टप्पे असतात आणि प्रत्येक टप्प्याचा प्रश्न वेगळा असतो. पहिल्या टप्प्यात थोड्या रुग्णांवर 'किती डोस झेपतो' एवढंच बघतात. दुसऱ्यात 'गाठीवर काही परिणाम दिसतो का' ते. तिसऱ्यात शेकडो रुग्णांचे दोन गट करून नवं औषध आणि आजचा चांगला उपचार यांची तुलना करतात. तुम्हाला देऊ करताहेत ती ट्रायल कुठल्या टप्प्यातली, हे कागदाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावरच असतं.

पहिल्या टप्प्याच्या ट्रायलमध्ये जाणारा माणूस मुख्यतः पुढच्या रुग्णांसाठी जात असतो. त्याला फायदा झाला तर उत्तमच. पण "तिथं नवीन औषध आहे, म्हणजे बरं करणार" असं धरून कुणी रान विकायला निघालं असेल तर त्याला आधी थांबवा.

मग आजवर अशा चाचण्यांतून काही हाती लागलं का?

लागलं, पण पावलं लहान आहेत. ती आकड्यांत सांगते, कारण 'चांगला गुण आला' या शब्दांवर आमची फसगत झाली होती.

१९९७ साली जेमसिटाबिन या केमोच्या औषधाची चाचणी छापून आली. १२६ रुग्ण होते. जुन्या औषधावर निम्मे रुग्ण साडेचार महिन्यांच्या आत गेले होते, जेमसिटाबिनवर हा काळ साडेपाच महिन्यांच्या पुढे गेला. फरक महिन्याभराचा, पण दुखणं कमी होणं, अंगात ताकद राहणं हे जेमसिटाबिनच्या गटात कितीतरी जास्त जणांच्या वाट्याला आलं. २०११ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत चार औषधांचा एकत्र डोस, म्हणजे फॉल्फिरिनॉक्स, ३४२ रुग्णांत जेमसिटाबिनशी ताडून पाहिला. ६.८ महिन्यांच्या जागी ११.१ महिने. त्यासोबत हगवण, पांढऱ्या पेशी खाली येणं, हातापायांना मुंग्या हेही वाढलं. २०१३ मध्ये ८६१ रुग्णांच्या चाचणीत जेमसिटाबिनला नॅब-पॅक्लिटॅक्सेल या दुसऱ्या औषधाची जोड दिली, तेव्हा ६.७ चे ८.५ महिने झाले. २०२३ मध्ये ७७० रुग्णांच्या चाचणीत नालिरिफॉक्स या औषधांच्या एकत्र डोसने याच जोडीला मागे टाकलं, ९.२ विरुद्ध ११.१.

हे मधले आकडे आहेत. निम्मे रुग्ण त्याच्या अलीकडे, निम्मे पलीकडे. तुमचा माणूस कुठल्या बाजूला असेल ते आकडा सांगत नाही.

आज बेळगावात किंवा मुंबईत जी केमो 'नेहमीची' म्हणून देतात, ती सगळी कुणीतरी केव्हातरी ट्रायलमध्ये घेतलेली आहे. त्या माणसांची नावं आपल्याला कधी कळणार नाहीत, पण मला त्यांची आठवण येते.

आणि फसलेल्याही पुष्कळ. गाठीभोवतीचा घट्ट थर विरघळवून केमो आत पोचवायची अशी एक सुंदर कल्पना होती. दुसऱ्या टप्प्यात आशा दिसली. तिसऱ्या टप्प्यात ४९४ रुग्ण घेतले आणि २०१९ मध्ये निकाल आला: नव्या औषधासह ११.२ महिने, त्याच्याविना ११.५. काम तिथंच बंद झालं. म्हणून 'दुसऱ्या टप्प्यात छान निकाल' हे वाक्य ऐकलं की हुरळून जाऊ नका.

व्हॉट्सॲपवर नवीन गोळीचं आलंय. 'केरास'वरची. ती काय?

स्वादुपिंडाच्या दर दहा गाठींपैकी सुमारे नऊ गाठींत केरास नावाच्या जनुकात बिघाड असतो. पेशीला 'वाढ' असा हुकूम देणारं हे बटण चालूच राहून अडकतं. तीसचाळीस वर्षं शास्त्रज्ञ त्याला औषध शोधत होते, पण त्या प्रथिनावर औषधाला धरायला खाचच सापडत नव्हती. मग या बिघाडाच्या जी१२सी नावाच्या एका प्रकारावर गोळ्या आल्या. सोटोरासिब ३८ रुग्णांना दिली तेव्हा आठ जणांची गाठ लक्षणीय आक्रसली. पण स्वादुपिंडाच्या रुग्णांत हा प्रकार शंभरात एक-दोघांनाच असतो. जास्त आढळतो तो जी१२डी, साधारण दर दहांत चौघांमध्ये.

तुम्ही ऐकलेली गोळी बहुधा डॅराक्सॉनरासिब असेल. ती केरासच्या अनेक प्रकारांवर चालावी अशी बनवलीय. आधी केमो झालेल्या रुग्णांत तिची केमोशी तुलना करणारी तिसऱ्या टप्प्याची मोठी ट्रायल २०२४ मध्ये सुरू झाली, आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी तिला जलद तपासणीच्या खास यादीत घातलं. त्वचेवर पुरळ आणि तोंड येणं हे तिचे नेहमीचे त्रास. डॉक्टरांना नावानिशी विचारा: ही, किंवा जी१२डी वरची कुठली ट्रायल आपल्या देशात भरती करतेय का?

लसीबद्दलही विचारतात. एमआरएनए लसीची जी बातमी २०२३ मध्ये आली ती १६ रुग्णांची होती, आणि त्या सगळ्यांची गाठ ऑपरेशनने काढून झालेली होती. चौथ्या स्टेजच्या रुग्णासाठी ती नव्हती.

जनुकांची तपासणी करायला सांगितलीय. पैसे वाया जातील का?

परवडत असेल तर करा, आणि सुरुवातीलाच करा. शंभरात साधारण चार ते सात रुग्णांत बीआरसीए हे जनुक जन्मापासून बिघडलेलं असतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी ऐकतो तेच हे. अशा रुग्णांना प्लॅटिनम असलेल्या औषधांची केमो जास्त लागू पडते, आणि त्यानंतर ओलापारिब या गोळीचा पर्याय उरतो. २०१९ च्या चाचणीत या गोळीने आजार वाढण्याआधीचा काळ ३.८ वरून ७.४ महिन्यांवर नेला. एकूण आयुष्य मात्र वाढलं नाही. त्या चाचणीत १५४ रुग्ण मिळवायला ३,३१५ जणांची तपासणी करावी लागली होती. ट्रायलमध्ये 'तुम्ही बसत नाही' असं सांगितलं तर ते मनाला लावून घेऊ नका, हे मी यावरून शिकले.

हा बिघाड वंशातून येतो, म्हणून सापडला तर भावंडांनी आणि मुलांनीही सल्ला घ्यावा. आणखी एक: बायोप्सीत काढलेला गाठीचा तुकडा मेणाच्या ब्लॉकमध्ये घालून पॅथॉलॉजी लॅबमध्ये ठेवलेला असतो. तो तुम्हाला मागता येतो. पुढच्या रुग्णालयात पुन्हा सुई टोचायची वेळ वाचते.

आमच्या वाट्याला नुसतं साखरपाणी आलं तर?

चिठ्ठी टाकावी तसं संगणक गट ठरवतो. डॉक्टर नाही, तुम्ही नाही, वशिला नाही. पण चालणारा उपचार असताना कॅन्सरच्या रुग्णाला नुसती पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी देत नाहीत. बहुतेक वेळा एका गटाला नेहमीची केमो आणि नवं औषध, दुसऱ्याला नेहमीची केमो, कधी तिच्यासोबत पोकळ गोळी. "नव्या औषधाच्या गटात नाही आलो तर मला काय मिळणार?" हे विचारून उत्तर लिहून घ्या.

आधी केमो करून बघू, नाही जमलं तर ट्रायल. असं चालेल ना?

सगळ्यांत जास्त माणसं इथं चुकतात, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

काही ट्रायल एकही केमो न झालेल्या रुग्णांसाठीच असतात. एक डोस झाला की ते दार बंद. काही एक केमो होऊन गेलेल्यांसाठी असतात. तीनचार प्रकारची औषधं झालेल्या रुग्णाला फार थोड्या ठिकाणी घेतात. शिवाय माणूस हिंडता-फिरता लागतो. स्वतःचं स्वतः करणारा, दिवसातला बराच वेळ अंथरुणाबाहेर असणारा. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, उतरलेलं लागतं. कावीळ असेल तर आधी पित्तनळीत स्टेंट बसवून आठवडे-दोन आठवडे थांबावं लागतं. काही ट्रायलमध्ये वयाची अट असते. वर सांगितलेल्या २०११ च्या चाचणीत ७५ च्या पुढचे रुग्ण घेतलेच नव्हते.

या आजारात ताकद फार भराभर उतरते. आज जोत्यावर बसून चहा पिणारा माणूस महिन्याभरात कुशीवर वळायला हात मागतो. म्हणून ट्रायलची चौकशी बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला त्याच आठवड्यात करायची. चौकशी केली म्हणून जावंच लागतं असं नाही. पण केमो लांबवत बसायचं असाही याचा अर्थ नव्हे. ट्रायल आठवड्या-दोन आठवड्यांत ठरत नसेल तर नेहमीचा उपचार सुरू करून टाका.

चौकशी करायची कुठं?

आपल्या देशात चालणारी प्रत्येक औषधाची ट्रायल सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत असावी लागते. ती २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून नोंद सक्तीची आहे. ती कुणालाही मोबाईलवर फुकट बघता येते. ट्रायल कोण करतंय, पैसा कुणाचा, कुठल्या गावात, भरती चालू की बंद, अटी काय, संपर्क कुणाशी, सगळं असतं. भाषा इंग्रजी आहे. घरातलं कॉलेजात जाणारं पोर बसवा. कुणी 'ट्रायल आहे' म्हणून पैसे मागत असेल आणि सीटीआरआयचा नंबर देत नसेल तर उठून या.

बेळगावात केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, आणि २०२५ च्या जानेवारीत त्यांचं वेगळं कॅन्सर रुग्णालयही सुरू झालं. केमो घराजवळ घ्यायची सोय त्यामुळे वाढलीय. मुंबईत परळचं टाटा मेमोरियल आणि खारघरचं त्यांचंच केंद्र, बेंगळुरात किदवाई. जिथं ट्रायल आहे तिथं आधी फाइल पाठवून किंवा फोन करून विचारा, मगच गाडीत बसा. मुंबईला जाणाऱ्यांसाठी हुबळी-दादर गाडी सोयीची. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत टाटाच्या रुग्णांना आसरा मिळतो. कॅन्सरच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ आहे, सोबतच्या माणसाला ७५ टक्के सवलत. त्यासाठीचा फॉर्म रुग्णालयाकडून भरून घ्यावा लागतो.

खर्च कोण करतं?

औषध कंपनीच्या ट्रायलमध्ये चाचणीचं औषध आणि त्यासाठीच्या जादा तपासण्या फुकट असतात. येण्याजाण्याचे पैसे काही ठिकाणी देतात, मागितल्याशिवाय कुणी सांगत नाही. रुग्णालयाने स्वतः चालवलेल्या ट्रायलमध्ये नेहमीच्या केमोचा खर्च बहुधा आपला. तिथं कर्नाटकातली आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना बघा. सत्तरीच्या वरच्यांना २०२४ पासून आयुष्मान कार्ड उत्पन्न न बघता मिळतं. महाराष्ट्र सरकारने २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला. आपलं गाव त्यात आहे का आणि आपण जाणार त्या रुग्णालयात ती योजना चालते का, हे तिथल्या आरोग्यमित्राला दाखल होण्याआधी विचारा.

खरा खर्च कागदावर नसतो. दर आठवड्याला मुंबईची खेप, सोबतच्या माणसाची बुडलेली हजेरी, मागे राहिलेली म्हैस.

संमतीपत्र इंग्रजीत आहे, नाहीतर कन्नडात. आबांना मराठीच वाचता येतं.

सही करू नका. हे मी ठासून लिहिते. २०१९ च्या नव्या औषध आणि चाचणी नियमांनुसार माहिती रुग्णाला समजेल त्याच भाषेत द्यायची असते. आपल्याकडची माणसं कन्नड बोलतात, बाजार करतात, कोर्टकचेरी करतात. पण 'यकृतावर विपरीत परिणाम होऊ शकतो' हे वाक्य ज्या भाषेत लहानपणी आईने रागावलं त्याच भाषेत उमगतं. मराठी प्रत मागा. मुंबईत ती सहसा तयारच असते. बेंगळुरात किंवा हुबळीत मागितल्यावर वेळ लागला तर लागू दे. हा मराठी-कन्नडचा वाद नव्हे. अथणीकडच्या कन्नड घराने मुंबईत कन्नड प्रत मागितली तर तोही त्यांचा तेवढाच हक्क.

वाचता येत नसेल तर रुग्णालयाशी संबंध नसलेला त्रयस्थ साक्षीदार समोर असावा लागतो. एक प्रत तुमच्याकडे राहते. घरी नेऊन वाचायला वेळ मागता येतो.

आमच्या त्या व्हरांड्यात दीर मला हळूच म्हणाले होते, "वैनी, काय सांगूलालेत ते कळंना, पण नाही कसं म्हणू?" मला ते वाक्य अजून झोपेत ऐकू येतं. आम्ही त्या दिवशी सही न करता परत आलो.

मधेच सोडता येते का? काही वाईट झालं तर?

कधीही सोडता येते, कारण सांगावं लागत नाही, आणि त्यामुळे पुढचा नेहमीचा उपचार नाकारता येत नाही. औषधाने गंभीर त्रास झाला तर डॉक्टरांना २४ तासांत वर कळवावं लागतं, उपचार फुकट द्यावे लागतात, आणि त्रास ट्रायलमुळेच झाला असं ठरलं तर भरपाई मिळते. प्रत्येक ट्रायलवर नीतिमत्ता समितीची नजर असते. तिच्यात डॉक्टर नसलेली साधी माणसंही असतात. समितीचा फोन नंबर तुमच्या कागदावर छापलेला असतो. तो फोन उचलला जातो का, हे सहीच्या आधीच एकदा लावून बघा.

आयुर्वेदिक चालू ठेवलं तर चालेल?

ट्रायलच्या डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नाही. काढे आणि भस्मं यकृतावर ताण आणू शकतात, आणि मग दोष कुठल्या औषधाचा तेच कळत नाही.

आबांना कॅन्सर आहे हेच सांगितलेलं नाही. ट्रायलमध्ये घालता येईल?

नाही. आणि बरंच आहे की येत नाही.

मायेपोटीच लपवतो आपण. आम्हीही 'पोटात गाठ आहे, औषधाने विरघळेल' असं सांगितलं होतं. पण संमती रुग्णाची असते, मुलाची नव्हे, सुनेची नव्हे. दुसऱ्या रुग्णालयातल्या समाजसेविकेने आम्हाला आधी बाहेर बसवून हे समजावलं, मग दिरांच्या शेजारी बसून मराठी संमतीपत्र पान पान वाचून दाखवलं. सव्वा तास लागला. दीर रडले नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले. माझ्या रक्ताचं पुढं काय करणार? किती दिवस मुंबईत राहावं लागेल? यानं मी बरा होईन का? तिसऱ्याला ती म्हणाली, "काका, तसं आम्हाला सांगता येणार नाही. तेच शोधायला ही ट्रायल आहे." त्यांनी मान हलवली. म्हणाले, रोहिणी निघाल्यात, पेरण्या आल्यात, मी घरी जातो. केमो बेळगावात घेईन.

माझ्या ओळखीतल्या हुक्केरीच्या एका बाईंनी सगळं वाचून 'हो' म्हटलं आणि सात महिने दर पंधरवड्याला मुंबईला गेल्या. दोघांचेही निर्णय मला पटतात.

ट्रायल मिळाली नाही, किंवा आम्ही नाही म्हटलं. आता काय उरलं?

बरंच. दुखणं थांबवणं हा वेगळा उपचार आहे आणि तो पहिल्या दिवसापासून मागायचा, ट्रायल असली तरी. मॉर्फिनच्या गोळ्या मान्यता असलेल्या रुग्णालयातून चिठ्ठीवर मिळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी घेतल्या तर व्यसनाची भीती धरू नका, बद्धकोष्ठाचं औषध मात्र सोबत घ्या. पाठीत जाणाऱ्या कळांसाठी पोटामागच्या नसांच्या जाळ्यात सुई देऊन ती वेदना बधिर करता येते. जेवण पचत नसेल, शौच तेलकट होत असेल तर पाचक रसाच्या कॅप्सूल मिळतात. त्या जेवणाआधी किंवा नंतर नव्हे, जेवताना घासाबरोबर घ्यायच्या. एवढं साधं आम्हाला दोन महिने कुणी सांगितलं नव्हतं. एका पायाला अचानक सूज आली तर त्याच दिवशी दाखवा, या आजारात रक्ताच्या गुठळ्या होतात.

त्या कॅप्सूल नीट सुरू झाल्यावर दिरांनी तांदळाची भाकरी आणि माशाचं कालवण मागून खाल्लं. रोपलावणीला बांधावर खुर्ची टाकून बसले होते. कुठल्या वाफ्यात दाट लागलंय ते तिथूनच ओरडून सांगत होते.